एकदा वितळलेलं

अंबूबाई भिवंडीला गेली, श्रीलताच्या बाळंतपणाला,
आणि जाताना मला फ्रीजरमध्ये ठेवून गेली.
म्हणजे माझं जेवण. फरक फारसा नाही.

एकतीस डबे.
श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे, एक च्यवनप्राशचा.
प्रत्येक झाकणावर कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाची चिठ्ठी,
चिकटपट्टीखाली तिचं अक्षर,
विड्यांच्या हिशोबाच्या वहीत असतं तसंच,
तिरकं, घाईचं, आणि बेरीज कधी न चुकणारं.

‘आमटी, शेंगांची. पाणी घालू नका. ती स्वतः सोडते.’
‘चपात्या. मध्ये कागद आहे. कागद खाऊ नका.’
‘अंबाडी. आवडत नाही माहीत आहे. तरी.’
‘खारी. पाहुण्यांसाठी. तुम्ही पाहुणे नाही.’
आणि दारावर, जाड पेनाने:
‘एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही.’

मी हसलो होतो.
सदतीस वर्षं चादरीच्या मागांवर जॉबर होतो मी.
धागा तुटला की गाठ,
गाठ सुटली की दुसरी गाठ,
पुन्हा न होण्यासारखं काय असतं?

मेच्या अकरा तारखेला, दुपारी अडीचला,
विडी घरकुलचा ट्रान्सफॉर्मर फुटला.
चव्वेचाळीस डिग्री. नळ यायला अजून दोन दिवस.
वायरमन म्हणाला, संध्याकाळपर्यंत येईल.
कुठल्या संध्याकाळपर्यंत, ते म्हणाला नाही.

रात्री फ्रीजर रडायला लागला.
आधी फरशीवर एक रेघ, मग ओघळ,
मग बाथरूमपर्यंत लांब पाय.
मी टॉवेल टाकला, आमच्याच कारखान्याचा,
सेकंड क्वालिटीचा. तोही भिजला.

सकाळी गौरव्वा आली, कडक भाकरी विकणारी.
वाकून बघितलं, नाकाला पदर लावला नाही, एवढी माया.
“आमच्या भाकरीला वीज लागत नाही बघा, अण्णा.
ज्वारी, तवा, ऊन. महिनोन् महिने बघायला नको.
वाळलेलं टिकतंय. गारठलेलं नुसतं थांबतंय.”

मग तिच्याच भाकऱ्या चुरल्या आम्ही
अंबूच्या सुटलेल्या आमटीत.
नऊ घरं जेवली. अंबाडीला रांग लागली.
सूर्या नावाचं एक पोरगं
रिकाम्या डब्यातला शेवटचा बर्फ
हातात धरून पळत होतं, कुणाला तरी दाखवायला,
दाखवेपर्यंत राहिला नाही.
खारी मात्र पाहुण्यांनीच खाल्ली. सगळेच पाहुणे होते.

तळाशी एक डबा राहिला.
‘नानकटाईचं पीठ. कच्चं. हात लावू नका.
आल्यावर भाजून आणू.’

हात लावला. मऊ होतं, तूप सुटलेलं,
गालासारखं.
कुणाच्या गालासारखं, ते अजून जन्मलं नव्हतं.

बाशाभाईची भट्टी लाकडाची, तिला महावितरण माहीत नाही.
बायकांच्या रांगेत पत्र्याचा ट्रे घेऊन मी एकटा पुरुष.
“मामा, काय करायलाव? हे पसरणार की!”
पसरू दे म्हणालो.
गाठी मारणाऱ्या बोटांनी गोळे वळले,
काही सुपारीएवढे, काही बटाट्याएवढे.
भट्टीत सगळे एकमेकांना जाऊन चिकटले,
एकच मोठी नानकटाई, बांगलादेशाच्या नकाशासारखी.

संध्याकाळी फोन.
“काय खाल्लं?”
“आमटी.”
“कुठल्या तारखेची?”
“सगळ्याच तारखांची.”

ती बराच वेळ गप्प.
मागे कुणीतरी बारीक रडत होतं,
काल रात्री आठला झाली म्हणाली, पावणेतीन किलो,
तुम्हाला लावत होते, तुमचा फोनच बंद.

वीज चौथ्या दिवशी आली.
रिकामा फ्रीजर लगेच गुणगुणायला लागला,
काही झालंच नाही असा.

मी स्टीलच्या डब्यात तुकडे भरले,
उद्याच्या गाडीसाठी.
कॅलेंडरचा मे फाडला, पाठीमागे लिहिलं,
जन्मात पहिल्यांदा डब्यावर काही लिहिलं:
‘नानकटाई. जरा पसरली.
थांबत नव्हती.’