सबख्यावर नको

पहिल्या दिवशी मी नकाशावर बोट ठेवलं:
रस्ता जवळ, वीज जवळ,
ऑफिसातून बघता सगळं सोयीचं.
घानिमने मान हलवली,
गाडीतून बाटली काढली
आणि त्या जमिनीवर पाणी ओतलं.
मीठ चुरचुरलं. मग कड खचली.
"ही उन्हात फुगते, पाऊस पडला की बसते.
हिच्यावर तंबूसुद्धा नको."

सिलाच्या पुढे सीमेपर्यंत असाच सबखा,
पांढरट, सपाट,
पातेल्याला लागलेल्या खरवडीसारखा.

मग तीन दिवस खडक शोधला.
वहीत अटी होत्या:
क्षितिजाच्या दहा अंश वर आकाश मोकळं हवं,
आसपास टाकी नको, पत्रा नको,
कारण उपग्रहाचा निरोप पत्र्यावर आपटून
पुन्हा एकदा येतो, जरा उशिरा,
आणि खरा कुठला ते अँटेनाला कळत नाही.

खडक मिळाला तो उंटांच्या गोठ्यामागे.
गोठ्यावर अर्थातच पत्रे.
घानिम मालकापाशी जाऊन बसला,
तीन कप कहवा घेतला, चौथ्याला कप हलवला,
आणि आठवड्याभरात छप्पर झावळ्यांचं झालं.
बिल मी 'मल्टिपाथ निवारण' या सदरात टाकलं.
कोणी विचारलं नाही.

चार मीटर खोल भोक, सळया, काँक्रीट, वर घुमट.
लोकबहादूरने बाण उत्तरेला फिरवला
आणि हात जोडले.
काहीही उभं केलं की तो जोडतो.

खांबाला काम एकच.
आपण कुठे आहोत ते त्याला मिलिमीटरपर्यंत सांगून ठेवलंय.
वरून उपग्रह म्हणतात, तू तिथे नाहीस, जरा पलीकडे आहेस.
तो वाद घालत नाही.
ऐकलेल्यातून माहीत असलेलं वजा करतो
आणि उरेल ते दर सेकंदाला वाटतो,
रुवैसच्या धक्क्याकडे येणाऱ्या टँकरला,
रात्री पाइप पुरणाऱ्या खोदयंत्राला,
ज्याला हवं त्याला.
सूर्य बुडाल्यावर वरची हवा खवळते
तेव्हा उरतं जास्त.

शेवटच्या फॉर्मवर प्रश्न होता: जागा स्थिर आहे काय?
मी 'होय' लिहिलं.
घानिम म्हणाला, "तारीख घाल.
अख्खा अरबस्तान ईशान्येला चाललाय,
वर्षाला दीड पेर.
तारखेवाचून आकडा शिळा होतो."

रात्री गेस्टहाउसवर उगाच हिशेब मांडला.
एकोणीस वर्षं मी इथे,
दर खेपेला नवा शिक्का, दर खेपेला 'तात्पुरता'.
तेवढ्यात ही जमीन मला घेऊन पाऊण मीटर गेली
आणि देवरुखची आमची विहीर जवळजवळ मीटरभर,
साधारण त्याच अंगाला, थोडी घाईत.
म्हणजे तसं कोणी कोणाला सोडलं नाही.
तरी वजाबाकी शून्य येईना.
दोनदा केली.

सकाळी लॉगमध्ये सात मिनिटांची खोट.
जाऊन पाहिलं, तर घुमटावर पाणकावळा,
पंख पसरून वाळत बसलेला.
लोकबहादूर म्हणाला, काटे लावू या.
घानिम म्हणाला, बसू दे, सात मिनिटं तर आहेत.
मी काट्यांची ऑर्डर टाकली.
अजून आलेले नाहीत.