चाल

आधी तिचे घुंगरं काढले.
चार पायाचे चार पट्टे खुंटीवर टांगले,
तं भाकर थापता थापता मथुरा म्हने,
घर कसं मुकं वाटते.

नवरदेव वाहून वाहून नऊ वर्सांची झाली लवंगी.
ढोल वाजला का पुढचे दोन पाय हवेत,
नोट दातात धरून सलाम,
हे मीच शिकवलं तिले, हातात फोक घेऊन.
आता ठवरे मॅडम म्हनतात,
दादा, तिले काईच न करनं शिकवा.

काईच न करनं शिकवाले
पाच महिने लागले.
व्हीलचेअर पाह्यली का भडके,
कुबडीच्या टोकाले फुरफुरे,
रंगीत चेंडूले तं सापच समजे.
बंद जिनिंगच्या पटांगनात,
सरकीचा जुना वास, कडुनिंबाची अर्धी सावली,
तिथं मी तिच्या पाठीवर पोतं फेकत राह्यलो,
छत्री उघडत राह्यलो, मिटत राह्यलो.
गावचे पोट्टे कंपाउंडवर बसून म्हनत,
बावा सटकला.

पह्यला आला सुगत. मेश्रामाचा. अकरा वर्सांचा.
पाय कातरीसारखे एकावर एक.
त्याची माय दर बुधवारी रोज पाडते,
एसटीनं येते, फाट्यावरून पायी,
अन् अकरा वर्सांचं पोरगं कडेवर.

मी म्हनलं, मॅडम, हा बसन कसा?
खोगीर नाई, नुसती घोंगडी टाकली.
तिच्या अंगाची ऊब लागली
तश्या मांड्या सुटल्या त्याच्या, सावकाश,
रात्रभर भिजवलेल्या चामड्यावानी.

मॅडम सांगत, घोडीची कंबर चालते तशीच मानसाची चालते,
जो कधी चाललाच नाई
त्याच्या कमरेले ती चाल कळते.
मले हे पुस्तकातलं वाटलं.
मंग मी मागून पाह्यलं:
लवंगीचा पुठ्ठा डावा, उजवा, डावा,
वर त्याचं बूड डावं, उजवं, डावं.
जमिनीले पाय न लावता
पोट्टं चालत होतं.

सुगतले धड बोलता येत नाई.
'चल' म्हनाचं तं ओठ वाकडे होतात,
लाळ येते, मान मांगं जाते,
अन् कितीक वेळानं, श्वासासंगं, 'च'.
तेवढंच.
तवर कोनी लगाम वढत नाई.
लवंगी एक कान मांगं करून उभी राहते.
मायनं एकदा घाईत 'चल व' म्हनलं,
हालली नाई.
तिले 'च' पायजे. त्याचाच.

मंग लगनसराई आली.
बोरीची वरात, साडेसात हजाराची सुपारी, दोन हजार आगाव.
घुंगरं बांधले. बँडनं चाल उचलली.
लवंगी चालली. नुसती चालली.
डावा, उजवा.
"नाचव ना बे, पैसे कायचे घेतले?"
पाहुन्यायनं नाकासमोर नोटा हालवल्या,
तिनं वास घेतला, सोडून देल्या.
नवरदेव थोडी लावून आलेला,
फेटा डोळ्यावर, एका अंगाले कलला,
तं लवंगी जागीच थांबली
अन् त्याच्या बुडाखाली सरकली हळूच,
चार बोटं,
जशी सुगतखाली सरकते.
आपल्याले कोनी झेललं
हे त्याले कळलंही नाई.

फोक माह्या कमरेलेच होता.
वरात आडली. जनरेटर भकभक करे.
डोक्यावर लाइटा घेतलेल्या बाया उभ्या,
माना अवघडलेल्या.
बारा जन बारा तऱ्हेनं वरडत होते,
चल, हट, चल, मार ना तिले.
उरलेले साडेपाच हजार
मले जाताना दिसत होते.

मी तिच्या कानाजवळ तोंड नेलं.
ओठ वाकडे केले,
मान मांगं जाऊ देली,
जेवढा वेळ लागते तेवढा लागू देला.

'च.'

तिनं कान वळवला.
ओळखलंच असन तिनं का हा तो नोहे.
तरी एक पाऊल टाकलं,
डावं.