तिसरा कोपरा

आमच्या दुकानात तार दोन प्रकारची मिळते,
कुंपणाची आणि गिटारची.
दोन्ही जाडीवर ठरतात, दोन्ही बोटं कापतात.
मधे गुरांसाठी मिठाच्या विटा, कोंबड्यांचं खाद्य,
आणि गल्ल्यापाशी, काकडीच्या लोणच्याच्या जुन्या बरणीत,
नख्या.
कुठलीही घ्या, पन्नास सेंट.

ग्रीनब्रायर नदीवर बर्फाचा पापुद्रा धरला त्या शनिवारी
शिनबेरींचा कोल्टन आला,
बापाची गिटार पोत्यासारखी खांद्यावर टाकून.
म्हणाला, सगळ्यात जाड द्या. बाबांची असते तशी.

मी म्हटलं, आधी हात दाखव. नखी मागून.

बसला मिठाच्या विटांवर. वाजवू लागला.
मनगट अधांतरी, करंगळी कुठेच टेकलेली नाही,
नखी मुठीत अशी, की कुणी हिसकावून नेईल.
खाली जाताना सगळं बरं.
वर येताना मात्र दर खेपेला तारेत अडकायची,
अंधारात उंबऱ्याला ठेच लागावी तशी.

पातळ दिली. फडफडली नुसती;
आधी तिचाच टकटकाट, मग तार, उशिरा, नाइलाजाने.
मधली दिली. तिने अडवलं नाही,
पण त्यालाच आवडली नाही. का ते सांगता येईना.
आणि त्याने खिशातून ती काढली.

कासवाच्या पाठीच्या रंगाची, जुनी.
नाव सांगायची गरज नव्हती.
टोक एका अंगाने झिजलेलं,
माणूस कसा चालतो ते बुटाच्या टाचेवरून कळतं, तसं.
डॅरेल नखी तिरकी धरतो, करंगळी लाकडावर रोवतो;
गिटारच्या पोटावर तिथे एक फिका डाग आहेच,
रुपयाएवढा म्हणणार होते, पण आमच्याकडे डॉलर.
सध्या तो नॉर्थ डकोटात पाइपलाइनवर आहे,
घरी येतो नाताळात, नाहीतर हरणांच्या शिकारीच्या दिवसांत,
येतो तेव्हा वाजवतो.

कोल्टन म्हणाला, याने तर मला मुळीच जमत नाही.
हातच चुकतोय ना माझा?

मी चष्मा लावला. नखी खिडकीशी धरली.
तीन कोपरे असतात रे हिला. लोक टोकालाच धरून बसतात.
हे टोक बाबाने संपवलं.
हा दुसरा कोपरा, यावर बघ, दात उमटलेत त्याचे;
सूर जुळवताना तोंडात धरायचा, आई ओरडायची.
आणि हा तिसरा.
बोथट, गोल. अजून चकाकतोय.
याला कुणी हात लावलेला नाही.

उलटी करून त्याच्या बोटांत दिली.
म्हटलं, आवळू नकोस. पिल्लू धरलंयस असं समज.

पहिला सूर जाड आला, घशातून आल्यासारखा.
मग वरचा फटका.
अडकला नाही.
त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, हाताकडेही नाही,
समोरच्या फावड्यांकडे बघत राहिला
आणि पुन्हा वाजवलं, पुन्हा,
पहिला भाग, दुसरा भाग, तिथे घसरला, परत पहिला.
मक्याचं पोतं पाठीवर घेताघेता
म्हातारा वेल्डन मान न वळवता म्हणाला,
दुसऱ्या भागात घाई करतोय पोरगा.
खरंच करत होता.

जाताना त्याने बरणीच्या झाकणावर पन्नास सेंट ठेवले.
कशाचे रे? घेतलं तर काहीच नाहीस.
म्हणाला, एवढ्या वाजवून बघितल्या ना, त्याचे.
मी परत केले नाहीत. धंदा आहे.

संध्याकाळी शटर ओढल्यावर
माझी स्वतःची नखी शोधली, गल्ल्याच्या तळाशी,
गंजक्या चाव्यांमधे.
दिव्याखाली धरून फिरवली.
तिन्ही कोपरे सारखेच झिजलेले, थोडे थोडे.
एकवीस वर्षं वाजवत होते मी,
अंगठ्याचा सांधा धरला तोवर,
आणि एकदाही ठरवलं नव्हतं.