उतारावरची माती

आमच्या परसात उभं राहिलं की एक गुडघा कायम वाकलेला.
पिट्सबर्गच्या या टेकडीवर सपाट असं कुणाचंच नसतं,
पण आमचं जरा जास्तच.
हातातून कांदा निसटला
तर तो थेट खालच्या मिस्टर गेन्सच्या कुंपणाला.

पोलादाचा कारखाना बंद झाला त्या वर्षी
आंद्रेयने इथे भिंत घातली.
हातांना काम हवं होतं.
जुन्या विटा, चार फूट, ओळंब्यात,
आणि एक भोक नाही ठेवलं.
"पाणी इकडे येता कामा नये," म्हणायचा.
सात हिवाळे ते पलीकडे साठलं, गोठलं, सुटलं, पुन्हा गोठलं.
आधी भिंतीला पोट सुटलं.
मग मार्चमधल्या एका रात्री
ती खाली बसली.
तो शेजारी जागाच होता.
भिंतीचा विषय पुन्हा त्याने काढला नाही.
मीही नाही.

आता तो नाही. उतार आहे.
पाऊस पडला की बोटभर माती जाते,
आणि डॉगवूडची मुळं अशी उघडी,
झोपेत पांघरूण सरकल्यावर पोटऱ्या दिसाव्यात तशी.

मृदाखात्यातून एक मुलगी आली, रोझेला.
दोन काठ्या, दोरी, पाणसळ.
"पाण्याशी भांडू नका," म्हणाली, "वळणं द्या.
वळणावर सगळेच हळू होतात."
हे मला कुणी सांगायला नको होतं.
एकतीस वर्षं मी याच टेकड्यांवर बस चालवली.

मग तिने दोरी धरली, मी चुन्याची रेघ ओढली,
आडवी, डोंगराच्या कलाने.
गुडघ्याएवढे दगडी बांध, मागे खडी,
खडीत भोकाभोकांची नळी.
वर काथ्याची जाळी, खुंट्या ठोकून;
कुठल्या तरी नारळाच्या किनाऱ्याहून आलेली,
अजून तिला खारट वास.
जाळीच्या डोळ्याडोळ्यांतून गवताचे ठोंब.

माती मात्र कमी पडली.

शनिवारी मिस्टर गेन्स जिना चढून आले,
शहाण्णव पायऱ्या, दोन बादल्या.
"ही तुमचीच," म्हणाले, धापा टाकत.
"कुंपणाशी साठत होती. टोमॅटो लावत होतो.
कुणाची ते विचारलं नाही, चुकलंच."
मी म्हटलं, "टोमॅटो खाल्लेत मी तुमचे.
तेव्हा मीही विचारलं नव्हतं."

त्या दिवशी ते अकरा वेळा चढले.
शेवटच्या चार वेळा त्यांचा नातू.
एका बादलीत विटेचा तुकडा निघाला,
एका अंगाला सिमेंट, सिमेंटात अंगठ्याचा ठसा.
खिशात ठेवला होता दोन दिवस.
मग बांधामागच्या खडीत टाकला,
पाणी जातं तिथेच.

काल रात्री जोराचा पाऊस झाला.
विजेरी घेऊन बाहेर गेले, रबरी बूट, आंद्रेयचा कोट.
पहिल्या वळणावर पाणी जरा थबकलं,
दुसऱ्यावर पसरलं,
नळीच्या तोंडाशी आलं तेव्हा
पातळ, मुकाट.
अजून थोडं गढूळ आहे.
असू दे.
टोमॅटोला तेवढी लागतेच.