समासात

मसुदा चाळीस पानांचा, प्रती पाच.
चर्चच्या पत्र्याखाली माणसं दोनशे,
निम्म्याहून जास्त बायका,
लुगड्यांना वाळत्या ओमेनाचा वास.
मी काउंटीचा कारकून. इतिवृत्त माझ्याकडे.
त्यातलं शेवटचं वाक्य मी आदल्या दिवशीच टाइप करून आणलेलं :
‘उपस्थितांनी धोरणाचे स्वागत केले.’

साहेबांनी कलमं इंग्रजीत वाचली,
ओगेया मास्तरांनी ती लुओत आणली, वाटेत थोडी सांडली.
‘हितधारक’पाशी मास्तर अडले,
मग म्हणाले, ‘ज्यांची चूल यावर पेटते ते.’
मागून कुणीतरी : ‘मग साहेब कशाला आलेत?’
साहेबही हसले, काही न कळता.

एप्रिल ते जुलै मासेमारी बंद.
काही सूचना?

बाहेर बकरी ओरडली.
वाटपाचा सोडा उन्हात तापत होता.

पेरेस आवुओर उठली,
कडेवरचं नातवंड शेजारणीकडे देत.
‘एप्रिल कुणी ठरवला?
आम्ही दिवे घेऊन काळोखात जातो.
चांदणं पडलं की ओमेना दिव्याला भुलत नाही,
होड्या आपसूक वाळूवर येऊन पडतात.
बंदच करायचं तर ते दहा दिवस करा, दर महिन्याला.
सलग चार महिने उपाशी राहायचं
हे आधी माशाला विचारा, जमतंय का.’

साहेब घड्याळाकडे पाहत म्हणाले, नोंद घ्या.
हजेरीपत्रकात रकाने चार :
नाव, वय, गाव, सही किंवा अंगठा.
बोलण्याला रकाना नव्हता.
मी कागद आडवा धरून समासात लिहिलं, बारीक अक्षरात.
दोन शब्द तिच्या अंगठ्याच्या शाईवर गेले.
आदल्या दिवशीचं वाक्य मात्र खोडलं नाही.
खरं सांगतो, धीर झाला नाही.

सात महिन्यांनी राजपत्र आलं.
एप्रिल तसाच, जुलै तसाच.
फक्त कलम नऊच्या पोटात एक ओळ :
‘चंद्राच्या स्थितीचा विचार करता येईल.’
कुणी करायचा, ते लिहिलेलं नाही.

किनाऱ्यावर जाऊन तिला वाचून दाखवलं.
ती वाळत घातलेली मासळी उलथत होती.
‘करता येईल म्हणजे? करणार की नाही?’
मी म्हटलं, पुढची सभा मंगळवारी आहे.
तिने बोटांवर काहीतरी मोजलं.
‘सोमवारी काळोख आहे.
होड्या सकाळी आठला लागतात, मग मासळी पसरायची.
अकराच्या आत ठेवू नका.’

वेळ तेवढी माझ्या हातात होती.