दोन मिलिमीटर

तिसऱ्यांदा आली चित्स्केबाईंची सायकल.
"मध्येच दम सोडते," एवढंच म्हणाल्या,
आणि हातमोजे न काढता
पुरावा ठेवावा तशी
काउंटरवर ठेवली बॅटरीची किल्ली.

हार्लिंगेनमध्ये वाऱ्याला सुट्टी नसते.
बांधावरून समुद्राकडे तोंड करून जायचं
तर सत्तरीच्या गुडघ्यांना मोटर हवीच.
मागच्या पेटीत औषधाच्या दुकानातल्या
नावं लिहिलेल्या पांढऱ्या पिशव्या,
ज्यांना घराबाहेर पडवत नाही त्यांच्या.

पहिल्या खेपेला मी बॅटरीवर संशय घेतला.
संशयाला बॅटरी सोयीची,
महाग असते आणि गप्प.
मीटर लावला: एक्केचाळीस पूर्णांक सहा.
ठणठणीत.
तरी जोडाच्या पितळी जिभा स्पिरिटने पुसल्या,
एक जराशी काळवंडली होती,
तिच्यावर खापर फोडलं
आणि पंधरा युरो घेतले.

दुसऱ्या खेपेला वायर.
पेडलपाशी जिथे ती वाकते
तिथून बोटांनी चाचपत वर गेलो,
आरीवरचा चुंबक सरळ केला,
स्टँडवर चढवून अर्धा तास फिरवली.
ताकास तूर लागू देईना.
वैद्याच्या दारात आल्यावर
"पोट? माझं? कधी दुखत होतं?"
म्हणणाऱ्या पोरासारखं
चाक गुणगुणत राहिलं.
येल्मर म्हणाला, बाईंचंच काहीतरी.
मी म्हणालो, गिऱ्हाइकाबद्दल असं बोलू नये.
मनात माझ्याही तेच होतं.

तिसऱ्या खेपेला विचारलं
जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं:
दम सोडते तेव्हा पडदा विझतो का?
"छे. आकडे दिसतात. चार रेघा भरलेल्या.
फक्त ओढ जाते."

म्हणजे वीज जागेवरच होती.
कुणीतरी तिला थांब म्हणत होतं.

कुठे होतं असं?
"कुठेही," म्हणाल्या. मग खिडकीबाहेर बघत,
"पाणी अडवायचे दरवाजे आहेत ना, त्या पुलाशी.
बहुतेकदा."

दुकान येल्मरवर टाकून निघालो मागोमाग,
माझी बिनमोटरची सायकल, वारा छातीवर,
बाई पुढे सरळ पाठीने,
आणि मी, सायकली दुरुस्त करणारा,
घोड्यासारखा फुरफुरत.
पूल आला. समोरून गाडी नाही, माणूस नाही,
कठड्यावर एक सीगल, तोही पाठमोरा.
चढ सुरू व्हायच्या जरा आधी
त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं
ब्रेकवर आली.
दाबली नाहीत. टेकली,
झोपलेल्याच्या कपाळावर
ताप बघायला टेकवावी तशी.

ब्रेकच्या मुठीत मसुराएवढा चुंबक असतो.
तो जागचा हलला
की मोटर समजते, थांबायचंय.
चाकाला रबर लागायच्या कितीतरी आधी.
इतके दिवस ती ऐकत होती इमानाने
आणि आम्ही तिला नादुरुस्त म्हणत होतो.

पलीकडे उतरून बाई थांबल्या.
"पाहिलंत? गेली."
पाहिलं, म्हणालो.
"मी ब्रेक लावला नव्हता."
नव्हता, म्हणालो. आणि ते खोटं नव्हतं.

पुलावर काय झालं होतं, कधी, कुणाचं,
गाव एवढंसं आहे, विचारलं असतं तर
दिवेलागणीपर्यंत कळलं असतं.
मी खाली पाहिलं. पाणी चहाच्या रंगाचं.
चेन फार कोरडी झालीये, म्हणालो,
तीही बघतो आता.

दुकानात मुठीचा स्क्रू सैल केला,
सेन्सर दोन मिलिमीटर मागे सरकवला,
पुन्हा आवळला.
आता बोटं टेकली तर टेकू देत.
थांबायचंच असेल
तर दाबावं लागेल.

कामाच्या चिठ्ठीवर लिहिलं: सेन्सर, किरकोळ.
येल्मरने विचारलं, किती लावू?
मी गल्ला उघडून
पहिल्या खेपेचे पंधरा युरो मोजत होतो,
दोनदा मोजले, पाचाच्या तीन नोटा.
बाई दारात उभ्या होत्या,
हातमोजे घातलेल्याच,
पेटीतल्या पिशव्यांवरची नावं
पुन्हा एकदा वाचत.