मात्रा

मी पत्ते वाटतो. मत द्यायचं नाही, ही नोकरीची अट.
सरहद्दीपासून चार किलोमीटर, पाइनच्या जंगलात,
ट्रकवाल्यांच्या थांब्यामागे आमचा हॉल:
चोवीस टेबलं, खिडकी एकही नाही.
बाहेर बर्फ आहे की चिखल, ते येणाऱ्यांच्या बुटांवरून कळतं.

झ्देन्का ह्रुबा, सहा नंबरची खुर्ची.
पिल्सेनच्या इस्पितळात एकतीस वर्षं
भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या उजव्या हाताला उभी होती.
चकत्याही औषधाच्या कुप्यांसारख्या रचते,
लेबल आपल्याकडे करून.

साडेसातला तिच्या हाती दोन राजे आले.
तिने होतं नव्हतं ते सगळं पुढे लोटलं.
आठ जणांनी पटापट पानं टाकली
आणि एवढ्या मोठ्या दरबाराला नजराणा मिळाला
सक्तीच्या बोलीची चिल्लर.
वर तिने राजे उताणे करून दाखवले.
हात दाखवून अवलक्षण!
त्यानंतर तासभर ती नुसती खोकली तरी टेबल रिकामं व्हायचं.

दहाच्या सुमाराला एक्के. बदामचा, किलवरचा.
हे मला नंतर कळलं, सुट्टीत, तिच्या सिगारेटच्या धुरातून.
या वेळी तिने मूठ झाकली.
झाकली मूठ सव्वा लाखाची, खरं आहे,
पण स्वस्तात बघायला मिळते म्हणून चौघे आत आले,
आणि मी उघडली चौकटची नव्वी, चौकटची दश्शी, इस्पिकचा गुलाम.
तिघे एकमेकांवर चढवत गेले.
तिने एक्क्यांकडे पुन्हा पाहिलं नाही.
पालथेच सरकवले माझ्याकडे,
चेहऱ्यावर चादर ओढावी तसे.

"कमी दिलं," ती म्हणाली, "की पेशंट टेबलावर जागा होतो.
जास्त दिलं की उठतच नाही.
आणि वजन विचारलं तर प्रत्येक जण खोटं सांगतो."

मला माझी आई आठवली. याच सरहद्दीवर
ती बागेत ठेवायचे मातीचे रंगीत बुटके विकते.
गाडी थांबली की आधी टायर बघते, मग भाव सांगते.
हायफाँगहून आली तेव्हा तिला इथले आकडे वीसपर्यंतच येत होते.
वीसच्या वर ती कधी गेली नाही.
बरीच वर्षं आम्ही तेवढ्यातच जेवलो.

पावणेबाराला सदतीस उरले. पैसे छत्तिसांना.
अशा वेळी सगळी टेबलं एकेका डावापुरती एकमेकांसाठी थांबतात,
माणसं श्वासही मोजून घेतात.
तिला राण्या आल्या.
तिने लोटलं नाही. झाकलंही नाही.
थोडं वाढवलं, सुई टोचताना बोलत राहावं तसं.
लुडविक, फरशा बसवणारा, आत आला. बाकीचे गळाले.
गुलाम, सत्ती, तिर्री.
तिने अजून थोडं दिलं. त्याने घेतलं.
दुर्री.
तिने त्याच्या चेहऱ्याकडे नाही, गळ्याकडे पाहिलं,
जिथे नाडी दिसते,
आणि उरलेलं सगळं सावकाश पुढे ठेवलं.
लुडविक गुलामाच्या जोरावर हो म्हणाला.
मात्रा लागू पडली होती.
उरलेल्या चव्वेचाळीस पानांत तिला मारणारी फक्त पाच.

शेवटचं पान मी उलटलं.
किलवरचा एक्का.
मगाशी तिने पालथा टाकला होता, तोच.

सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. तिला नाही, स्वतःला.
छत्तीस जण आता पैशांत होते.
एक जर्मन ड्रायव्हर म्हणाला, आधीच सगळं लोटायला हवं होतं.
कुणी म्हणालं, एवढ्या काठावर राण्याही टाकून द्यायच्या असतात.
मी मत देत नाही.

तिने कोट घातला. ताखोवची बस किती वाजता, विचारलं.
बस पहाटे सव्वाचारला होती.
"डोस बरोबर होता," ती म्हणाली.
मग बटणं लावता लावता,
"असं दोनदा झालं. एकतीस वर्षांत.
दोघांची नावं आठवतात मला."

मी पत्ते पिसले.
सहा नंबर सोडून वाटले.